हक्क कायद्यात, निकाल कचेरीत

स्थलांतराचा इतिहास आपल्याकडे बहुधा पोहोचलेल्या माणसांचा लिहिला जातो. कोण विलायतेला गेला, तिथे त्याने काय कमावले, कोणत्या सभेत त्याचा सत्कार झाला, याची वर्णने पुष्कळ सापडतात. ज्यांना उंबरठ्यावरच अडवले गेले, ज्यांच्या अर्जावर वर्षानुवर्षे निर्णय झाला नाही आणि झाला तेव्हा सारख्याच परिस्थितीतल्या दोन माणसांबाबत दोन तऱ्हेचा झाला, त्यांचा इतिहास मात्र फारसा कुणी लिहिलेला नाही. प्रस्तुत लेखात मला अशाच एका रांगेचा इतिहास तपासायचा आहे. ही रांग आहे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय, पाकिस्तानी आणि बांगलादेशी कामगारांच्या बायकामुलांची. १९६० नंतरच्या तीन दशकांत ती दिल्ली, मुंबई, इस्लामाबाद आणि ढाका इथल्या ब्रिटिश कचेऱ्यांपुढे उभी होती.

हा विषय दलित चळवळीच्या नियतकालिकात कशासाठी, असे कुणी विचारील. त्याला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले असे की पंजाबच्या दोआब भागातून, म्हणजे जालंधर-होशियारपूरकडून जे लोक वूल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड, साउथॉल या गावांतल्या कारखान्यांत गेले, त्यांत रविदासी आणि आंबेडकरवादी कुटुंबांची संख्या लक्षणीय होती. ब्रिटनमधली आंबेडकरी चळवळ मुख्यतः याच लोकांनी उभी केली. त्यांच्या बायकामुलांना ज्या कचेरीतून जावे लागले त्या कचेरीचा इतिहास हा आपल्याही इतिहासाचा भाग आहे. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. कायद्याने दिलेला हक्क कचेरीत कसा मारला जातो, याचे इतके उघड उदाहरण दुसरे सापडणे कठीण. आणि हा अनुभव आपल्याला अपरिचित नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी एक इशारा दिला होता. मसुद्यात प्रशासनाचे इतके बारीकसारीक तपशील कशाला, या आक्षेपाला उत्तर देताना त्यांनी सांगितले की, घटनेतले एक अक्षरही न बदलता केवळ प्रशासनाचे रूप बदलून घटना विकृत करता येते. हे विधान आपण बहुधा घटनेपुरतेच वाचतो. मला ते कोणत्याही देशातल्या, कोणत्याही हक्काला लागू पडते असे वाटते. पुढील हकीकत त्या विधानाचा पुरावा म्हणूनच वाचावी.

१

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला मजूर हवे होते. १९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याखाली राष्ट्रकुलातील नागरिकाला ब्रिटनमध्ये येण्यास आणि काम करण्यास मोकळीक होती. कापडगिरण्या, ओतशाळा, बसगाड्या, रुग्णालये यांना काळ्या-सावळ्या हातांची गरज होती तोवर ही मोकळीक कुणाला खुपली नाही. पुढे वस्त्या दिसू लागल्या, शाळांत मुले दिसू लागली, तेव्हा ती खुपू लागली. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतरित कायद्याने कामगाराला व्हाउचर सक्तीचे केले. परंतु जो आधीच येऊन राहिला आहे त्याची बायको आणि सोळा वर्षांखालील मुले यांचा येण्याचा हक्क त्या कायद्याने मान्य केला होता. तो लेखी हक्क होता, सवलत नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९६८ मध्ये केनियातून येऊ लागलेल्या आशियाई लोकांना रोखण्यासाठी ब्रिटिश संसदेने अवघ्या काही दिवसांत दुसरा कायदा केला. या लोकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. त्यांत गुजराती होते, पंजाबी होते, आणि पूर्व आफ्रिकेत सरकारी कचेऱ्यांतून कारकुनी केलेले गोवेकरही होते. ज्याचे आईबाप किंवा आजाआजी ब्रिटनमध्ये जन्मलेले आहेत त्यालाच मुक्त प्रवेश, अशी अट घातली गेली. त्या अटीत रंगाचा उल्लेख नव्हता. पण कुणाचा आजा ब्रिटनमध्ये जन्मलेला असणार हे शेंबड्या पोरालाही कळत होते. जन्माने हक्क ठरवायचा आणि वर तो जन्माने ठरवला नाही असे भासवायचे, ही युक्ती आपल्या पूर्वजांच्या चांगली परिचयाची होती. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या या माणसांसाठी वर्षाला १,५०० व्हाउचरांचा कोटा ठरला. व्हाउचर मिळे ते कुटुंबप्रमुखाला, आणि कुटुंबप्रमुख म्हणजे सामान्यतः पुरुष. युरोपच्या मानवी हक्क आयोगाने १९७३ च्या अहवालात या वागणुकीला वंशभेदामुळे मानहानिकारक ठरवले. तो अहवाल प्रसिद्ध होण्यास मात्र १९९४ साल उजाडले.

त्याच १९६८ च्या कायद्याने बायकामुलांच्या हक्काला पहिली कात्री लावली. एकटा बाप ब्रिटनमध्ये असेल तर मुलाला येता येईना. दोन्ही पालक तिथे हवेत, किंवा एकाच पालकावर मुलाची संपूर्ण जबाबदारी असल्याचे सिद्ध व्हायला हवे. १९६९ मध्ये अपिलांचा कायदा आला. अर्ज नाकारलेल्यांना दाद मागण्याची सोय देणारा म्हणून त्याचे कौतुक झाले. पण याच कायद्यात एक कलम असे घातले होते की बायकामुलांनी निघण्यापूर्वी आपल्या देशातच एंट्री सर्टिफिकेट, म्हणजे प्रवेशाचा दाखला, मिळवलाच पाहिजे. रांग सुरू झाली ती इथून.

१९७१ चा कायदा १ जानेवारी १९७३ पासून अमलात आला. त्यात एक अभिवचन होते. त्या तारखेपूर्वी स्थायिक झालेल्या राष्ट्रकुल नागरिकांची बायकामुले पूर्वीइतकीच मोकळेपणाने येऊ शकतील, नव्या नियमांनी त्यांची मोकळीक कमी होणार नाही, असे ते कलम म्हणत होते. हे कलम १९८८ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होते. म्हणजे ज्या पंधरा वर्षांची हकीकत मी पुढे सांगणार आहे, त्या सर्व काळात या माणसांचा हक्क कागदावर जिवंत होता.

२

आता कचेरीत काय घडत होते ते पाहू.

सिल्हेटच्या एखाद्या गावातली बाई दाखल्यासाठी अर्ज करी. ढाक्याच्या कचेरीत पहिल्या मुलाखतीची तारीख मिळायलाच सत्तरीच्या दशकात दोन-दोन वर्षे लागत. तारीख आली की मुलांना घेऊन गाडी, बस, होडी असा प्रवास करून ती राजधानीत येई. तिथे तिची आणि मुलांची वेगवेगळी चौकशी होई. घरात खोल्या किती, विहीर किती अंतरावर, लग्नाला कोण कोण होते, सासऱ्याला भावंडे किती, नवरा मागच्या खेपेस आला तेव्हा किती दिवस राहिला, अशा तऱ्हेचे ते प्रश्न असत. तिकडे ब्रिटनमध्ये नवऱ्यालाही तेच विचारले जाई. मग तिघाचौघांची उत्तरे शेजारी शेजारी मांडून त्यांतल्या विसंगती शोधल्या जात. विसंगती पुरेशा निघाल्या की अधिकारी लिही : हे नाते आहे अशी माझी खात्री पटलेली नाही.

या पद्धतीतली मेख नीट समजून घेतली पाहिजे. खेड्यातल्या कुटुंबात कोण 'भाऊ' आणि कोण 'चुलतभाऊ' याचा हिशेब इंग्रजी कोष्टकात बसत नाही. ज्या बाईने कधी तारखेने वर्ष मोजले नाही तिला नवरा कोणत्या महिन्यात आला होता ते सांगता येत नाही. आठ वर्षांच्या मुलाला आजोबांचे नाव माहीत असेलच असे नाही, त्याच्या दृष्टीने ते आजोबाच. दोन सख्ख्या भावांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून घरातल्या खोल्या मोजायला सांगितल्या तर एक जण पडवी धरील, दुसरा धरणार नाही. खऱ्या कुटुंबांच्या उत्तरांत फरक पडतोच. पढवून आणलेल्या खोट्या कुटुंबाची उत्तरे मात्र तंतोतंत जुळू शकतात. म्हणजे ही चाळणी अशी होती की तिच्यातून प्रामाणिक माणूस अडकण्याचा संभव अधिक.

कागदांचीही तीच गत. खेड्यांतून जन्मनोंदणीची रीत नव्हती. त्यामुळे दाखला नसला तर पुरावा नाही, असा शेरा पडे. खटपट करून दाखला आणला तर तो अलीकडे काढलेला आणि विकतचा असावा, असा संशय घेतला जाई. खोटे अर्ज नव्हतेच असे मला म्हणायचे नाही. पुतण्याला मुलगा म्हणून दाखवण्याचे प्रकार घडत होते. पण काही अर्ज खोटे निघाले म्हणून सर्वांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची रीत न्यायाची नव्हे. पुन्हा ती सर्वांना सारखी लागू नव्हती. गोऱ्या राष्ट्रकुलातून येणाऱ्या बायकोला सासऱ्याची भावंडे कुणी मोजायला लावत नव्हते.

अपिलाची सोय होती, पण अपील चाले ब्रिटनमध्ये, आणि जिचे ते अपील ती बाई मात्र हजारो मैलांवर गावी. तिने काय सांगितले हे न्यायाधिकाऱ्याला कळे ते दाखला नाकारणाऱ्या अधिकाऱ्यानेच लिहिलेल्या टिपणावरून. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचीच साक्ष मुख्य, असा हा प्रकार. मुलाखत घेणारा साहेब कोण, दुभाषा कोणत्या बोलीचा, अपील कुणापुढे, यांवर निकाल फिरत असे. एकाच प्रकारच्या कागदांवर एका घराला दाखला मिळे आणि दुसऱ्याला नकार येई.

१९७४ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्यात राज्यमंत्री झालेले अ‍ॅलेक्स लायन यांनी उपखंडात येऊन ही रांग पाहिली. बहुसंख्य अर्जदार खरे आहेत असे त्यांचे मत झाले आणि त्यांनी कामाची गती वाढवण्याचा प्रयत्न केला. १९७६ मध्ये पंतप्रधान कॅलहॅन यांनी त्यांना मंत्रिपदावरून दूर केले. ही घटना मला फार बोलकी वाटते. कर्मचारी अपुरे, अर्ज फार, म्हणून विलंब, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाई. पण कर्मचारी किती नेमायचे हेही कुणीतरी ठरवतच असते. कायद्यात कोटा लिहिणे राजकीयदृष्ट्या अडचणीचे होते. तो न लिहिता, दरवर्षी किती मुलाखती घ्यायच्या एवढे ठरवले की कोटा आपोआप लागू होत होता. विलंब हा या व्यवस्थेतला दोष नव्हता. तेच तिचे काम होते.

३

अनियमित कारभार माणसाला कोठवर नेतो याचे सर्वांत लाजिरवाणे उदाहरण १९७९ चे आहे.

त्या काळच्या नियमांत एक विचित्र भेद होता. ब्रिटनमधल्या रहिवाशाची बायको असेल तर तिला आधी दाखला हवा, म्हणजे रांग आली. पण त्याची वाग्दत्त वधू असेल आणि तीन महिन्यांत लग्न होणार असेल, तर तिला असा दाखला लागत नसे. आता रांगच इतकी लांब केल्यावर काही बायका वाग्दत्त म्हणून येतील, असा संशय अधिकाऱ्यांच्या मनात उत्पन्न झाला. संशयाचे मूळ सरकारनेच तयार केलेल्या रांगेत होते. त्याचे निवारण मात्र स्त्रीच्या शरीरावर करण्यात आले. २४ जानेवारी १९७९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर भारतातून आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या शिक्षिकेची कौमार्य-चाचणी घेण्यात आली. अविवाहित स्त्री कुमारीच असणार, आणि आशियाई स्त्री तर असणारच, हे गृहीत धरणारा तो 'शास्त्रीय' पुरावा! फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी वृत्तपत्राने ही बातमी फोडली, गृहमंत्री मर्लिन रीस यांनी हा प्रकार बंद करण्याचा आदेश दिला, आणि अशा घटना अपवादात्मक असल्याचा देखावा उभा राहिला. २०११ मध्ये सरकारी दप्तरातल्या जुन्या फायली संशोधकांनी उघडल्या. सत्तरीच्या दशकात अशा किमान ८० स्त्रियांची तपासणी झाल्याचे त्यांत निघाले, आणि ती उपखंडातल्या कचेऱ्यांतही झाली होती.

मुलांच्या बाबतीत क्ष-किरण वापरले गेले. मूल सांगितलेल्या वयाचे आहे की नाही हे मनगटाच्या हाडावरून ठरवायचे. या अंदाजात दोन-दोन वर्षांची चूक होऊ शकते आणि उपचाराची गरज नसताना मुलाला किरणांपुढे उभे करणे वैद्यकीय नीतीत बसत नाही, हे डॉक्टर सांगत होते. तरीही ही रीत १९८२ पर्यंत चालली.

स्त्रीच्या शब्दाला किंमत नाही, मुलाच्या शब्दाला नाही, गावाच्या साक्षीला नाही. मग शरीरच साक्षीला उभे करायचे. ज्यांचा शब्द खोटाच असणार असे धरून चालले जाते त्यांच्या शरीराची झडती घेतली जाते, हा नियम जुना आहे. आपल्या वस्तीतल्या बायामाणसांना पोलिसांच्या धाडीत तो कळलेला आहे.

पुढे विज्ञानाने वेगळी साक्ष दिली. लेस्टर विद्यापीठातले अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी शोधलेली डीएनए चाचणी १९८५ मध्ये पहिल्यांदा वापरली गेली तीच मुळी स्थलांतराच्या एका प्रकरणात. घानातून परतलेला मुलगा त्याच्या आईचाच आहे हे तिने सिद्ध केले. नंतर गृहखात्याने स्वतः ढाका आणि इस्लामाबादच्या अर्जदारांवर चाचण्या करून पाहिल्या, तेव्हा बहुसंख्य नाती सांगितल्याप्रमाणे खरी निघाली. ज्यांना पूर्वी खोटे ठरवून परत पाठवले होते त्यांतलेही पुष्कळ जण खरे ठरले.

मग त्यांना बोलावून घेतले का? नाही. मध्यंतरी वर्षे उलटली होती आणि मुले अठरा वर्षांवर गेली होती. १९८९ मध्ये गृहमंत्री डग्लस हर्ड यांनी जाहीर केले की अशा वाढत्या वयाच्या अर्जदारांना सर्वसाधारणपणे प्रवेश मिळणार नाही, अपवाद फक्त फारच करुण परिस्थितीचा. चूक सरकारची, विलंब सरकारचा, आणि वय वाढल्याचा दोष मुलाच्या माथी. एखाद्याचा हक्क हिरावून घ्यायचा असेल तर त्याला 'नाही' म्हणण्याचीही गरज नसते, त्याचे वय होईपर्यंत थांबवले तरी पुरते.

४

या काळ्या इतिहासात लढणारी माणसेही आहेत, आणि त्यांच्याकडे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे असे मला वाटते.

अन्वर दित्ता ही बर्मिंगहॅममध्ये जन्मलेली बाई. लहानपणी तिला पाकिस्तानात पाठवले गेले. तिथे कोवळ्या वयात लग्न झाले, मुले झाली. १९७५ मध्ये नवराबायको रॉचडेलला आली आणि दुसऱ्या वर्षी तिने मागे राहिलेल्या तीन मुलांसाठी अर्ज केला. त्या काळच्या कायद्यात बापाचे नागरिकत्व परदेशात जन्मलेल्या मुलाला मिळत होते, आईचे मिळत नव्हते. म्हणून तिलाही रांगेतच उभे राहावे लागले. १९७९ मध्ये उत्तर आले : ही मुले तुमची असल्याबद्दल खात्री पटत नाही. अपीलही फेटाळले गेले.

अन्वरबाई गप्प बसल्या नाहीत. सभेमागून सभा, मोर्चे, पत्रके, कामगार संघटना, काळ्या आणि आशियाई स्त्रियांचे गट, असे करत त्यांनी आपले प्रकरण गावोगाव नेले. ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या एका कार्यक्रमाने रक्ततपासणीचा खर्च उचलला आणि मार्च १९८१ मध्ये तो पुरावा सगळ्या देशापुढे ठेवला. एप्रिल १९८१ मध्ये तिन्ही मुले आईकडे पोहोचली. २०२१ मध्ये अन्वर दित्ता वारल्या. त्यांची कहाणी मला एवढ्यासाठी महत्त्वाची वाटते की त्यांनी आपले प्रकरण घरगुती दुःख म्हणून मांडले नाही. हे धोरण आहे आणि माझ्यासारख्या अनेक आया रांगेत आहेत, असे त्या सांगत राहिल्या. हीथ्रोच्या घटनेनंतर 'आवाज' या आशियाई स्त्रियांच्या संघटनेने विमानतळावरच निदर्शने केली, तीही याच जाणिवेतून.

दुसरा मार्ग होता मोजण्याचा. वंशसमतेसाठी नेमलेल्या ब्रिटनमधील आयोगाने या कारभाराची रीतसर चौकशी हाती घेतली. गृहखात्याने तिला न्यायालयात विरोध केला. विरोध टिकला नाही आणि १९८५ मध्ये अहवाल बाहेर आला. खोटा अर्जदार शोधण्याच्या नादात खऱ्या कुटुंबांवर अन्याय होत आहे, हे त्याने दाखवून दिले.

पण विजय सरळ रेषेत येत नाही. याच काळात नवऱ्यांच्या प्रवेशासाठी एक नवा नियम होता : लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणे हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करावे. मनात काय नव्हते ते सिद्ध करायचे! १९८५ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की पुरुषाला बायको आणता येते आणि बाईला नवरा आणता येत नाही, हा लिंगभेद आहे. सरकारने समता आणली ती अशी की बायकांचीही वाट नवऱ्यांइतकीच अवघड केली. १९८८ मध्ये ते जुने अभिवचनाचे कलमही रद्द झाले. हेतूचा हा नियम जून १९९७ पर्यंत टिकला. तो गेल्यावर काही वर्षांनी पैशाची अट आली. २०१२ मध्ये जोडीदाराला आणण्यासाठी वर्षाला १८,६०० पौंडांची मिळकत हवी असे ठरले, आणि ११ एप्रिल २०२४ पासून ही रक्कम २९,००० पौंड करण्यात आली. आजा कोठे जन्मला, मनात हेतू काय होता, खिशात किती आहे, असे प्रश्न बदलत गेले. ज्याला ते विचारायचे तो माणूस फारसा बदलला नाही.

५

आता थोडे आपल्या कचेऱ्यांकडे वळू. ब्रिटिशांना नावे ठेवून आपण मोकळे झालो तर या इतिहासाचा उपयोग नाही.

एक गोष्ट विसरली जाते की रांगेत उभे राहण्यापूर्वी पासपोर्ट लागतो, आणि १९६७ पर्यंत पासपोर्ट हा भारतीय नागरिकाचा हक्क नव्हता, ती सरकारची मर्जी होती. अशिक्षित, अंगमेहनतीची कामे करणारी माणसे विलायतेला गेली तर देशाची अब्रू जाईल, अशी स्वतंत्र भारताच्या अधिकाऱ्यांची धारणा होती आणि त्यांना पासपोर्ट देण्यात हात आखडता घेतला जाई. अब्रू कुणाची आणि कुणामुळे जाते, हे ठरवणारे कोण होते ते सांगायला नको. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात येतो असा निर्णय दिला आणि मग पासपोर्टचा कायदा झाला.

दुसरी गोष्ट आपल्या रोजच्या जगण्यातली. जातवैधता प्रमाणपत्राच्या रांगेत जो उभा राहिला आहे त्याला ढाक्याची ती मुलाखत परकी वाटणार नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला हवा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून कुटुंब या राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्याच्या आजाला जमीन नव्हती त्याच्याकडे सातबारा कोठून येणार? ज्याला शाळेत बसू दिले नाही त्याचा शाळा सोडल्याचा दाखला कसा निघणार? मग कोतवाल बुकाची नक्कल शोधत फिरायचे. गावातल्या जन्ममृत्यूची वर्दी चावडीवर नेण्याचे काम ज्या तराळ-येसकराकडे होते, त्याच्या पणतवाने त्याच नोंदवहीच्या पानासाठी कचेरीत खेटे घालायचे.

माझ्या घरातलेच सांगतो. माझे दोन पुतणे, सख्खे भाऊ. दोघांच्या अर्जांना कागद तेच, आजोबांची नोंद तीच. थोरल्याला चार महिन्यांत वैधता मिळाली. धाकट्याच्या वेळी अधिकारी बदललेले होते. त्यांनी तीच नोंद अस्पष्ट ठरवली आणि नवा पुरावा मागितला. थोरल्याचे प्रमाणपत्र समोर ठेवले तेव्हा, ते प्रकरण वेगळे, हे वेगळे, असे उत्तर मिळाले. एका आईच्या पोटची दोन मुले दोन जातींची कशी, हा माझ्या वहिनीचा प्रश्न फायलीत नोंदवण्याची सोय नव्हती. धाकट्याची प्रवेशाची मुदत त्या वर्षी टळली. वर्षभराने वैधता आली, पण जागा गेलेली होती.

अशा प्रकरणांत वडील, भाऊ यांना रीतसर वैधता मिळालेली असेल तर ती डावलू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. आदिवासींच्या बाबतीत चालीरीती, देव, बोली विचारून अर्जदार त्या जमातीचा आहे का हे ठरवणारी जी अ‍ॅफिनिटी टेस्ट चालते, तीच एकमेव कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. ही टेस्ट म्हणजे सिल्हेटच्या बाईला विचारलेल्या प्रश्नांची सख्खी बहीणच. शहरात वाढलेल्या मुलाला आजीचे दैवत सांगता आले नाही की तो आदिवासी उरत नाही! बोगस दाखल्यांचा प्रश्न खरा आहे. आपल्या हक्काच्या जागा त्यामुळे जातात आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण बोगस माणसाकडे वकील असतो, पैसा असतो, कागद तर नेहमीच असतात. चाळणीत अडकतो तो भूमिहीनाचा पोरगा.

६

या सगळ्यातून मला जो निष्कर्ष दिसतो तो असा. कचेरीचा कारभार सुसंगत नसणे हे आपण अकार्यक्षमतेचे लक्षण समजतो, दप्तरदिरंगाई म्हणून त्याला हसतो आणि सोडून देतो. पण विसंगतीचा सत्तेला उपयोग असतो. नियम सर्वांना सारखा लागू झाला तर नाकारलेले सर्व जण एकत्र येतील. एकाला दिले आणि दुसऱ्याला नाकारले की नाकारलेला माणूस आपल्या नशिबाला, आपल्या कागदाला, शेवटी आपल्या बायकोच्या उत्तराला दोष देत बसतो. रांगेतला प्रत्येक जण पुढच्या माणसाकडे संशयाने पाहू लागतो. धोरण मग कुणाच्याच नजरेला पडत नाही.

शिवाय पुराव्याचे ओझे नेहमी त्याच्यावर टाकले जाते ज्याला इतिहासाने कागदाबाहेर ठेवले. कागद सांभाळण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांना कुणी जाब विचारत नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये विंडरश प्रकरण उघडकीस आले. कॅरिबियन बेटांतून लहानपणी कायदेशीरपणे आलेल्या म्हाताऱ्या माणसांना, तुम्ही इथले असल्याचा पुरावा दाखवा, असे दरडावले जात होते. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर काढले गेले. ते बोटीने कधी उतरले हे सांगणाऱ्या हजारो जुन्या चिठ्ठ्या गृहखात्यानेच २०१० मध्ये नष्ट केल्या होत्या!

बाबासाहेबांनी १९४३ च्या रानडे-व्याख्यानात सांगितले होते की हक्कांचे रक्षण केवळ कायदा करीत नाही, समाजाची नैतिक जाणीव करते. ती जाणीव आपोआप उत्पन्न होत नाही. रॉचडेलच्या एका बाईला त्यासाठी वर्षानुवर्षे सभा घेत फिरावे लागले. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात वैधता नाकारलेली, मुदत टळलेली, एकाच घरात दोन निकाल मिळालेली प्रकरणे पडून आहेत. ती घरोघरी कपाटात आहेत, एकत्र कुठेच नाहीत. विद्यार्थी संघटनांनी आणि शिक्षकांनी ती गोळा करावीत. अर्जाची तारीख, निकालाची तारीख, मागितलेला पुरावा, नाकारण्याचे कारण, भावाबहिणीचा निकाल, एवढ्या पाच गोष्टी वहीत लिहून ठेवल्या तरी पुरे. एका माणसाची तक्रार कचेरी फेटाळू शकते. पाचशे माणसांच्या तारखा एका खाली एक मांडल्या तर तो पुरावा होतो, आणि मग उत्तर देण्याची पाळी कचेरीवर येते.